ओल्या वाळूवरच्या उड्या

जीप दुकानासमोर थांबली तेव्हा अम्मार कॉटच्या पायाला शेवटचा टाका मारत होता. लातूरच्या ट्यूशन एरियाला लागून असलेल्या गल्लीत मकबूलभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. तिथे दुमजली लोखंडी कॉट बनत आणि होस्टेलांत जात. डॉक्टर व्हायला गावोगावची पोरं लातूरला येत, ती या कॉटवर झोपत. घर दुकानाच्या वरच होतं. अम्मार त्यांचा धाकटा मुलगा; थोरली मुलगी हुमा एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. त्या दुपारी ती जेवायला घरी आली होती आणि खिडकीतून तिने सगळं पहिल्यापासून पाहिलं.

फौजदार चामले उतरले. मागून दोन शिपाई.

"अम्मार कोण बे?"

अम्मारने तोंडावरची काळी काच वर केली. उत्तर द्यायच्या आत एका शिपायाने मानगुटीला धरून त्याला खाली ओढलं. हातातला होल्डर सुटला आणि तापलेली कांडी त्याच्याच पोटरीवर पडली. पँट जळाली, मग कातडी. तो ओरडला तसा दुसऱ्या शिपायाने त्याच्या तोंडावर बूट ठेवला.

"होस्टेलातून सात मोबाईल गेलेत. कॉट बसवायला कोण गेलतं? तूच ना?"

"कॉट बसवून आलो, साहेब. मोबाईल न्हाई घेतले."

चामल्यांनी कोपऱ्यातून लोखंडी अँगलचा तुकडा उचलला. हातात तोलून पाहिला आणि अम्मारच्या खांद्यावर मारला. हुमा जिना उतरून खाली येईपर्यंत अम्मार जीपमध्ये होता आणि मकबूलभाई जीपच्या दाराला लटकले होते. "साहब, लेकरू हाय. एकोणीस वर्षाचं हाय," ते म्हणत होते. चामल्यांनी तोच अँगल त्यांच्या गुडघ्यावर घातला. हाड वाजल्याचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू गेला.

रस्त्यावर बरीच माणसं होती. समोरचा चहावाला, कापडवाले, पुस्तकं छातीशी धरलेली पोरं. त्यांतल्या कोणी अम्मारला बोटही लावलं नाही. कोणी सोडवायलाही आलं नाही. पुढे हुमाला हे दोन्ही शपथेवर सांगावं लागलं आणि तिने ते दोन्ही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाप-लेक चौकीत गेले. मकबूलभाईंच्या गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं आणि ते हुमाच्या खांद्यावर भार टाकून चालत होते. वहिदाने, हुमाच्या अम्मीने, डब्यात भाकरी आणि खट्टी दाल दिली होती. अजून अम्मारला कोर्टात उभं केलेलं नव्हतं. कुठल्या कागदावर त्याचं नाव होतं की नाही, तेही कोणी सांगत नव्हतं.

चौकीच्या मागे लिंबाखाली अंगण होतं. नव्या खोलीच्या बांधकामासाठी आणलेली वाळू तिथे पसरून पाण्याने भिजवली होती. त्या वाळूवर अम्मार उड्या मारत होता. अनवाणी. दोन्ही दंड एकेका शिपायाने धरलेले.

"मार. अजून मार. थांबू नको."

मकबूलभाईंनी हे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून पहिल्यांदा मोकळा श्वास बाहेर पडला. "अल्लाचं शुकर," ते हुमाला म्हणाले, "टांगा सलामत हैं उसके." काल त्या अँगलचा दणका स्वतःच्या गुडघ्यावर घेतल्यापासून त्यांना एकच भीती होती, की पोराचे पाय मोडले असतील.

शिपाई हसला. "बघा मामू, ठणठणीत हाय तुमचं पोरगं. खेळून राहिलं."

हुमा पायांकडे पाहत नव्हती. ती भावाचा चेहरा पाहत होती. प्रत्येक वेळी पाय वाळूला लागले की त्याचे डोळे मिटत आणि ओठ दातांखाली जात. आवाज मात्र येत नव्हता. आवाज काढला तर काय होतं, हे त्याला शिकवलेलं होतं.

डबा द्यायला त्याला दोन मिनिटं सोडलं. तो पावलांच्या कडांवर चालत आला, जशी माणसं तापलेल्या डांबरावर चालतात.

"आपा, पाँव अपने नई लग रे," तो हुमाला म्हणाला. मग त्याने बापाकडे पाहिलं आणि शरमून आवाज उतरवला. "अब्बा, पेशाब काला आ रा. चाय के जैसा."

मकबूलभाईंचा डबा उघडणारा हात थांबला.

भूकंप झाला तेव्हा ते निलंग्याला होते. पहार आणि जॅक घेऊन किल्लारीकडे गेलेल्या पहिल्या माणसांपैकी ते एक. तिथे एका घराच्या दगडांखालून त्यांनी एका माणसाला ओढून काढलं होतं. भिंत त्याच्या मांड्यांवर पडलेली होती. तो बाहेर आला, बसला, पाणी प्याला, विडी मागितली, "माझी म्हैस बघा कोणी" म्हणाला. सगळे हसले होते, रडत रडत हसले होते. त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली आणि दुसऱ्या दिवशी तो बोलता बोलता मेला. अंगावर मोठी जखम नव्हती. लष्कराचा डॉक्टर म्हणाला होता, मांस आतल्या आत चिरडलंय. मकबूलभाई ही गोष्ट घरात अनेकदा सांगत. हुमाने तिचा अर्थ पुढे कॉलेजात शिकला. स्नायू चिरडले की त्यांतला रंग रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं बंद पाडतो; त्यांतलं पोटॅशियम हृदय थांबवतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मकबूलभाई चामल्यांच्या टेबलाकडे लंगडत धावले.

"साहब, दवाखान्यात न्या त्याला. आत्ता न्या. हा मरंल."

"चालून राहिला, बोलून राहिला. मरतो कशाला?"

"मी पायलंय साहब, भूकंपात पायलंय."

"इथं कुठं भूकंप झाला बे?" शिपाई हसले. चामलेही हसले.

हुमा पुढे झाली. "सर, लघवी काळी होणं म्हणजे मूत्रपिंडं बंद पडत आहेत. आत्ता सलाईन लावलं तर तो वाचेल. उद्या लावून उपयोग नाही."

"ट्यूशन घेऊन राहिल्या का मॅडम? फी किती घेता?"

मकबूलभाईंनी चामल्यांचे पाय धरले. चामल्यांनी ते झटकले आणि भिंतीकडे हात केला. खिळ्याला गिरणीच्या पट्ट्याचा तुकडा टांगलेला होता, एका टोकाला लाकडी मूठ बसवलेली. तो मकबूलभाईंच्या पाठीवर बसला. एकदा. पुन्हा. सदरा फाटला आणि खाली रक्ताची आडवी रेघ उमटली.

"अब्बा को नक्को मारो," अम्मार अंगणातून ओरडला आणि पळत यायला लागला. तीनच पावलं. शिपायाने त्याच्या नडगीवर बूट मारला, तो तोंडावर पडला. मग कॉलरला धरून त्याला आतल्या खोलीकडे ओढत नेलं. ओल्या वाळूत त्याच्या टाचांच्या दोन रेघा उमटल्या. दार लागलं. आतून पट्ट्याचा आवाज यायला लागला. दगडावर धुणं आपटतात तसा, मोजून मापून. अम्मारचा आवाज पहिल्यांदा मोठा होता, मग लहान लेकरासारखा झाला, मग थांबला. पट्टा थांबला नाही.

हुमा तिथूनच पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात गेली. साहेब मीटिंगमध्ये होते. ती बसून राहिली, साहेब मागच्या दाराने गेले. तिथून ती क्लासमध्ये आली आणि ऑफिसमधल्या कॉम्प्युटरसमोर बसली. मानवाधिकार आयोग हे नाव तिने नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं. दिल्लीला तक्रार करता येते, वकील लागत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. तिने भावाचं नाव लिहिलं, चौकीचं नाव लिहिलं, आणि मग जे पाहिलं ते लिहिलं: जळलेली पोटरी, ओली वाळू, काळी लघवी. शेवटी लिहिलं, 'तो अजून जिवंत आहे.'

क्लासचे मालक सुदर्शन सर दारात आले. चोरी झालेलं होस्टेल त्यांच्या साडूचं होतं.

"हुमा मॅडम, आपल्या क्लासच्या कॉम्प्युटरवरून पाठवताय हे?"

"माझ्या घरी कॉम्प्युटर नाही, सर."

सरांनी दार बाहेरून ओढून घेतलं. हुमाने बटण दाबलं.

अम्मार उजाडायच्या आधी मेला. घरी सकाळी सांगितलं.

चामल्यांनी पत्रकारांना सांगितलं, की मोबाईलचोराला पब्लिकने होस्टेलसमोर पकडून बेदम मारलं. पोलिसांनी त्याला वाचवून आणलं. पहाटे त्याच्या छातीत दुखायला लागलं. पब्लिकने मारताना आपण पाहिलं असं सांगणारे दोन साक्षीदारही तयार होते, दोघेही होस्टेलचे वॉचमन.

बातमी मोहल्ल्यात पोचली आणि माणसं चौकीवर आली. पहिला दगड कोणी मारला ते कोणाला कळलं नाही. जीपची काच फुटली, मग जीप उलटली, मग पेटली. काठ्या घेऊन पोलीस बाहेर पडले आणि समोर येईल त्याला मारत सुटले. परवा नुसता बघत उभा राहिलेला चहावाला आज पुढे होता. काठी त्याच्या तोंडावर बसली आणि दोन दात त्याच्या हातात आले. वहिदा मुलाचं तोंड बघायला म्हणून आली होती. तिने काठी अडवायला हात वर केला, मनगट मोडलं. मोडका हात तसाच लोंबत ठेवून ती चौकीच्या पायरीवर बसली आणि उठेना.

दुपारी मशीद कमिटीचे अध्यक्ष मकबूलभाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "भाई, मय्यत को रोको मत. जो होना था हो गया. दफन करो." चामल्यांनाही तेच हवं होतं. ते म्हणाले, "आजच उरकून घ्या, गाडी आमची देतो. पोस्टमार्टेमला नावापुरतं फाडतील, जास्त काटाकाट नको म्हणून सही करा." मकबूलभाईंनी सही केली. मुर्द्यालाही दुखतं, असं ते लहानपणापासून ऐकत आणि मानत आले होते. म्हणून तर मय्यतीला आंघोळ कोमट पाण्याने घालतात, हलक्या हाताने. पोराला दोन दिवस मारलं होतं. आता सुरी लागू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

पण संध्याकाळच्या आत दिल्लीहून अधीक्षकांना फोन आला. अम्मार जिवंत असताना निघालेली तक्रार तिथे सकाळी उघडली गेली होती. तो कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मेला, असं उत्तर द्यावं लागलं. कोठडीतला मृत्यू चोवीस तासांत आयोगाला कळवायचा, शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायचं, हा आयोगाचा जुना दंडक होता. आता तो कोणाला विसरता येईना. न्यायदंडाधिकारी आले आणि त्यांनी हुकूम दिला: प्रेत नांदेडला न्या, इथे नाही.

हुमा रुग्णवाहिकेत चढत असताना चामले तिच्या कानाशी आले. "दिल्लीला कळवलं म्हणं. मेला तरी सोडत न्हाईस भावाला. आता नीट फाडतील त्याला."

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. मकबूलभाई पूर्ण रस्ताभर एक हात चादरीवर ठेवून बसले होते, गाडी उसळली की दाबून धरत.

नांदेडच्या शवागारात डॉक्टर शिल्पा होत्या, न्यायदंडाधिकारी होते आणि कॅमेरा घेऊन मुज्तबा होता. मुज्तबा लातूरचा, चाळिशीचा जाडजूड माणूस. लग्नांचं आणि क्लासच्या गुणवंत सत्कारांचं शूटिंग करायचा. पोलिसांना पंचनाम्याला कॅमेरा लागला की ते त्यालाच उचलून आणत. हुमाच्या मामेबहिणीच्या लग्नात त्यानेच शूटिंग केलं होतं. त्याने हुमाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चामले दाराच्या चौकटीत उभे राहिले. त्यांना आत यायची परवानगी नव्हती.

ओळख पटवायला बाप-लेकीला आत घेतलं. चादर काढली. पाठ, कुल्ले आणि मांड्या काळ्यानिळ्या होत्या, मधूनमधून पट्ट्याच्या रुंदीच्या रेघा. पोटरीवरचं भाजलेलं चिघळलेलं होतं. एक कान फाटलेला. तळवे मात्र स्वच्छ होते. जाड, पांढुरके, पाण्यात भिजल्यासारखे सुरकुतलेले. त्यांवर एक ओरखडाही नव्हता.

"हेच तर सांगून राहिलो मॅडम," चामले दारातून म्हणाले. "पब्लिकनं लई मारला."

शिल्पा मॅडमनी सुरी उचलली. डोकं, छाती, पोट, असं त्या कॅमेऱ्यासाठी मोठ्याने सांगू लागल्या.

"मॅडम, तळवे उघडा," हुमा म्हणाली.

शिल्पा मॅडमनी पायांकडे पाहिलं. "तळव्यांवर काही दिसत नाही."

"तळव्यांवर मारलेलं दिसू नये म्हणूनच त्याला ओल्या वाळूवर उड्या मारायला लावल्या. सूज उतरावी, रक्त पसरावं म्हणून. मी समोर होते. मॅडम, पब्लिक माणसाला चपला काढून, पाय धरून तळव्यांवर मारत नाही. तळवे बंद राहिले तर पब्लिकनेच मारलं असं होईल."

शिल्पा मॅडमनी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाहिलं. "आयोगाच्या सूचनांत तळवे उघडून बघा असं आहे. संशय असेल तर."

"वडिलांची हरकत आहे," चामले म्हणाले. त्यांनी सहीचा कागद वर धरला. "जास्त काटू नका म्हणलेत. धर्माचा प्रश्न हाय, मॅडम. उद्या दंगल झाली तर जबाबदार कोण?"

सगळे मकबूलभाईंकडे पाहायला लागले. ते पोराच्या पायांशी उभे होते, दोन्ही तळवे आपल्या हातांत धरून.

"दुखेंगा उसको, हुमा," ते म्हणाले.

मेल्यावर मज्जातंतूंचं काय होतं, हे हुमा दर वर्षी शिकवायची. ते तिने सांगितलं नाही.

"हौ अब्बा. एक बार और दुखेंगा. फिर कब्बी नई."

मकबूलभाईंचे ओठ हलत राहिले. मग ते खाली वाकले. "माफ कर बेटा," ते पायांना म्हणाले. आणि डॉक्टरांकडे न पाहता, "हलके हाथ से, मॅडम."

"ए मुज्तबा," चामले दारातून म्हणाले. "बॅटरी संपली ना तुझी?"

मुज्तबाच्या कपाळावर घाम होता. त्याने तो बाहीला पुसला. "न्हाई साहेब. निकाहापासून रुखसतीपर्यंत चालते माझी बॅटरी." आणि तो एक पाऊल पुढे आला, पायांच्या बाजूला.

चामले आत घुसले. त्यांनी मुज्तबाचं मनगट धरून पिरगाळलं. कॅमेरा खाली झुकला, मुज्तबा कण्हला, पण त्याने दुसऱ्या हाताने कॅमेरा पोटाशी घट्ट धरला. न्यायदंडाधिकारी म्हणाले, "फौजदार, बाहेर. हे सुद्धा चित्रीकरणात आलंय."

चामले मागे सरले.

शिल्पा मॅडमनी टाचेपासून बोटांपर्यंत उभा छेद घेतला. जाड कातडी करकरत उघडली. खाली पिवळसर चरबी दिसायला हवी होती. तिथे जांभळाच्या गरासारखं गोठलेलं रक्त होतं, थरावर थर, टाचेपासून चवड्यापर्यंत. त्यांनी दुसरा पाय उघडला. तसंच. मग मांडीचा छेद घेतला. आतला स्नायू उकडलेल्या मांसासारखा फिकट पडलेला होता. प्रत्येक वेळी त्या थांबत, कॅमेरा जवळ येऊ देत आणि काय दिसतंय ते सांगत. त्यांचा आवाज एकदाच बिघडला, डाव्या पायाच्या वेळी. त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

मकबूलभाईंनी डोळे मिटले नाहीत. पूर्ण वेळ त्यांचा हात अम्मारच्या घोट्यावर होता, आजारी लेकराला सुई देताना धरतात तसा.

लातूरला आणून आंघोळ घातली तेव्हा पाणी त्यांनी स्वतः हातावर टाकून पाहिलं, जास्त गरम नाही ना. तळवे जाड दोऱ्याने शिवलेले होते. टाक्यांमधून गुलाबी पाणी येत राहिलं. त्यांनी कापूस लावला, तो भिजला, पुन्हा लावला.

दिल्लीची माणसं हिवाळ्यात आली. आयोगाच्या तपास शाखेचे एक अधिकारी आणि त्यांच्याबरोबर टिपणं घेणारी एक बाई. शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीत त्यांनी टेबल मांडलं.

तोवर बरंच काही झालं होतं. चौकीच्या अंगणात आता फरशी होती. गिरणीचा पट्टा नव्हता, तो टांगायचा खिळाही नव्हता. मुज्तबाला भर बाजारात तोंड बांधलेल्या तिघांनी गाठलं आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं दगडावर ठेवून ठेचली. त्यांना चित्रीकरणाचं कार्ड हवं होतं; ते सीलबंद होऊन केव्हाच गेलं होतं. सुदर्शन सरांनी हुमाला क्लासवरून काढलं नाही, पण वर्ग कमी केले. चामल्यांची फक्त बदली झाली होती आणि आज ते इस्त्रीच्या गणवेशात समोर बसले होते.

"साहेब," ते अधिकाऱ्यांना म्हणाले, "तुम्ही पण खाकीतूनच आलात. पब्लिक कशी असते, तुम्हाला काय सांगावं."

"इसीलिए पूछ रहा हूँ," अधिकारी म्हणाले. त्यांनी लॅपटॉप चामल्यांकडे वळवला. पडद्यावर उघडलेला तळवा थांबलेला होता. "पब्लिक ने मारने से पहले इसकी चप्पल उतारी?"

"पळताना निघाल्या असतील साहेब."

"फिर लिटाया, टखने पकड़े, और दोनों तलवों पर बराबर मारा?"

"मी तिथं नव्हतो साहेब. मला काय माहीत?"

"रिपोर्ट में तो आपने लिखा है, आप छुड़ाकर लाए थे."

बाईंनी लिहिलं.

मग अधिकारी मकबूलभाईंकडे वळले. उड्या कशा मारायला लावल्या होत्या, ते सांगता येईल का, असं त्यांनी विचारलं.

मकबूलभाई उठले. त्यांचा गुडघा नीट जुळला नव्हता. त्यांनी चपला काढल्या, भिंतीशी ठेवल्या आणि खोलीच्या मधोमध येऊन उडी मारली. पाय जमिनीला लागले तसे ते वाकडे झाले. दुसरी मारली. तिसरी. टेबलावरचे पेले थरथरायला लागले.

"बस, बस. समझ गया," अधिकारी म्हणाले.

मकबूलभाई थांबले नाहीत. "थांबू नको म्हणत होते, साहब," ते धापा टाकत म्हणाले आणि पुन्हा उडी मारली. गुडघ्यातून टचकन आवाज आला. त्यांचा चेहरा आता हुमाने त्या दिवशी पाहिलेल्या चेहऱ्यासारखाच झाला होता. डोळे मिटलेले, ओठ दातांखाली. चामले खिडकीबाहेर पाहत होते. हुमाने दोन्ही हातांनी बापाला कमरेला धरलं तेव्हा कुठे ते थांबले.

त्यांना पाणी दिलं. अधिकाऱ्यांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"देखिए मकबूलभाई, सज़ा देना हमारे हाथ में नहीं. हम लिखते हैं. सरकार से कहते हैं, मुकदमा चलाओ. आगे अदालत."

"तुमचं आयोग कधीपासून हाय, साहब?"

"तिरानवे से. आपके भूकंप के साल से."

"म्हणजे अम्मारपेक्षा एक वर्षानं मोठं," मकबूलभाई म्हणाले. "लिवा मग. पब्लिकनं न्हाई मारलं, एवढं लिवा. पुढचं पुढं बघू."

अधिकाऱ्यांनी बाईंना वाक्य सांगितलं. मृत्यू पोलीस कोठडीतल्या मारहाणीने झाला, लोकांनी मारल्याचा पुरावा नाही, संबंधित अधिकाऱ्यांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस करण्यासारखं हे प्रकरण आहे. मकबूलभाईंनी ते वाचून दाखवायला सांगितलं. मग हुमाला म्हणाले, "तू पढ. अपनी जबान में." हुमाने बाईंच्या खांद्यावरून पाहत ते वाक्य घरच्या बोलीत पुन्हा वाचलं. चामल्यांनी टोपी उचलली आणि तिची कड बोटांनी चाचपत राहिले.

बाहेर पडताना मकबूलभाई भिंतीपाशी गेले. पाय सुजले होते, चपलेत जाईनात. हुमा खाली बसून अंगठा आत ढकलायला लागली.

"रहने दे," ते म्हणाले. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि तिच्या खांद्यावर भार टाकून अनवाणी पायऱ्या उतरायला लागले.